काटा १२.९ म्हणतो, ग्राफ १२.४ म्हणतो

रविवारी सकाळी साडेसातला दादाचा व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ आला, अकरा सेकंदांचा, आणि खाली एकच ओळ, "हे बघ आणि सांग खोटं कोण बोलतंय." व्हिडिओ वहिनीने शेजारच्या सीटवरून काढलेला. कात्रजचा जुना घाट, सेकंड गिअर, पाय पूर्ण खाली, आणि डॅशवरचा वाइडबँड मीटर (किलोभर पेट्रोलमागे किती किलो हवा ते सांगणारा; आकडा मोठा म्हणजे पेट्रोल कमी, 'लीन', छोटा म्हणजे पेट्रोल जास्त, 'रिच') साडेचार हजार आरपीएमच्या पुढे १२.९ दाखवतोय. त्याखाली लॉगरच्या (सेन्सरचे आकडे साठवून ठेवणाऱ्या यंत्राच्या) ग्राफचा स्क्रीनशॉट, तीच चढण, तीच वेळ, सेन्सर तर एकच, आणि तिथे आकडा १२.४.

आता ज्याला यातलं काही माहीत नाही त्याला वाटेल अर्ध्या पॉइंटने काय होतंय. होतं. टर्बो पेट्रोल इंजिन फुल थ्रॉटलला मुद्दाम थोडं जास्त पेट्रोल पितं, जादाचं पेट्रोल सिलिंडर थंड ठेवतं आणि नॉक (सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप पेटून बसणारे ठोके) लांब राहतो. या गाडीच्या रीमॅपमधलं (इंजिनच्या कॉम्प्युटरची बदललेली सेटिंग) टार्गेट लॅम्डा (त्याच प्रमाणाचं दुसरं माप, पुढे सांगतो) ०.८२ होतं, म्हणजे मीटरच्या भाषेत १२.०५ च्या आसपास. १२.४ असेल तर "जरा लीन आहे, बघू सवडीने" म्हणून माणूस चहा प्यायला जातो. १२.९ असेल तर पाय वर घे आणि गाडी घरी आण. दादा गेले दोन महिने १२.४ वर विश्वास ठेवून घाट चढत होता.

गाडी सांगतो. २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटर, २० व्हॉल्व्ह, टर्बो पेट्रोल, कंपनीतून निघाली तेव्हा १५० हॉर्सपॉवर. ही गाडी २००४ मध्ये भारतात आली तेव्हा आपल्याकडे टर्बो म्हटलं की लोकांना डिझेलच आठवायचं. दादाने ती रत्नागिरीच्या एका गृहस्थांकडून घेतली. खाऱ्या हवेत बारा वर्षं काढलेली, हे पुढे लागणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. पुण्यात आल्यावर स्टेज वन रीमॅप, बूस्ट (बाहेरच्या हवेपेक्षा टर्बो जेवढा जास्त दाब देतो तो) ०.८ बारपर्यंत, आणि मग मीटरचा नाद लागला. आधी बूस्ट मीटर, मग एईएम कंपनीचा वाइडबँड, आणि गेल्या वर्षी आठ चॅनेलचा डेटालॉगर, जीपीएससकट, एसडी कार्डवर लिहिणारा. मी दिवसा एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन बघतो, त्यामुळे वायरिंगसाठी फुकटातला माणूस मी.

तक्रार साधी होती. साडेचार हजारानंतर गाडीला जीव नाही. खाली जोरात उचलते आणि वर गेल्यावर कोणीतरी मागून सदरा धरल्यासारखं वाटतं. दादाने मला न सांगता (मला सांगितलं की मी आधी लॉग मागतो, त्याला कंटाळा येतो) प्लग बदलले, चारही कॉइल बदलल्या, एअरफ्लो सेन्सर स्प्रेने धुतला, डायव्हर्टर व्हॉल्व्ह (डीव्ही, टर्बोची जास्तीची हवा वळवणारा) नवीन टाकला. डायव्हर्टर का, तर बूस्ट मीटर ०.४ च्या वर जायला तयार नव्हता, म्हणजे बूस्ट लीक, म्हणजे डीव्ही फाटला असणार. फरक शून्य. मग रीमॅप करणाऱ्याला लॉगरची फाइल पाठवली, त्याने १२.४ बघून सांगितलं की मिक्स्चर ठीकठाक आहे, खराब पेट्रोलमुळे नॉक येत असेल, शंभर ऑक्टेन टाकून बघा. इंडियन ऑइलचं एक्सपी १०० डिसेंबर २०२० पासून पुण्यात मिळतंय, लिटरला दीडशेच्या वर. दादाने टाकी भरली आणि खरंच गाडी सुधारली! महिनाभर घरात आनंदीआनंद. मग वहिनीने महिन्याचा पेट्रोलचा हिशोब मांडला.

रीमॅप करणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे जी फाइल आली ती वाचून त्याने बरोबर तेच सांगितलं जे मीही सांगितलं असतं. फाइलच चुकीची होती.

व्हिडिओ बघून मी दुपारी त्याच्याकडे गेलो तर तिथे आधीच दोन मित्र बसलेले आणि चर्चा चालू, की हे सगळं ई२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मुळे, पेट्रोलमध्ये इथेनॉल आल्यापासून वाइडबँड मीटर चुकीचं दाखवतात. हे इतक्या जणांकडून ऐकलंय की इथे जरा थांबतो. वाइडबँड सेन्सर पेट्रोलही मोजत नाही आणि इथेनॉलही नाही, तो सायलेन्सरच्या वाटेने जाणाऱ्या वायूत ऑक्सिजन किती उरला किंवा किती कमी पडला ते बघतो, आणि त्यावरून लॅम्डा काढतो. लॅम्डा १ म्हणजे हवा आणि इंधन नेमकं जुळलं, इंधन कुठलंही असो. किलोभर शुद्ध पेट्रोलला त्यासाठी १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साडेतेराच्या आसपास, पण मीटरला हे माहीतच नाही, तो लॅम्डाला डोळे मिटून १४.७ ने गुणतो आणि स्क्रीनवर टाकतो. त्यामुळे ई२० भरलेलं असलं तरी मीटरवरचं १२.०५ म्हणजे लॅम्डा ०.८२ च, वाचायला काही अडत नाही. म्हणूनच मी सगळ्यांना सांगतो की मीटर लॅम्डावर सेट करा आणि हा १४.७ चा घोळ विसरा, पण लोकांना १२, १३ असे आकडे बघायची सवय झालीय, दादालाही.

ई२० चा खरा परिणाम वेगळा. त्याच ताकदीसाठी पेट्रोल जास्त सोडावं लागतं. ते ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्वतः शिकतो, फ्युएल ट्रिममध्ये (त्याने पेट्रोलमध्ये केलेल्या कमी-जास्तीत) दिसतं. दादाच्या गाडीत ट्रिम अधिक सात टक्क्यांच्या आसपास होता, इथेनॉल धरता अपेक्षितच. आणि मुख्य म्हणजे हा सात टक्के सगळीकडे लागू होतो, साडेचार हजारानंतर फुल बूस्टलाच लीन का, याचं उत्तर त्यात नाही.

तर मग दोन आकडे. सेन्सर एक, मीटर एक, मीटरच्या मागून निघणारी ० ते ५ व्होल्टची वायर लॉगरला. मॅन्युअलमध्ये सूत्र दिलेलं असतं, व्होल्ट गुणिले २.३७५ अधिक ७.३१२५ म्हणजे एएफआर, तोच हवा-पेट्रोलचा आकडा. लॉगरमध्ये सूत्र बरोबर भरलेलं होतं, मी दोनदा तपासलं. म्हणजे सूत्रात शिरणारा व्होल्टच चुकीचा. १२.९ ला २.३५ व्होल्ट लागतात, १२.४ ला २.१४. फरक ०.२१ व्होल्ट. कुठेतरी वाटेत ०.२१ व्होल्ट हरवत होता.

कसा सापडला ते सांगतो कारण ही ट्रिक कोणालाही करता येते, हत्यार काही लागत नाही. गाडी गरम करून आयडलला ठेवली. आयडलला ईसीयू स्वतः लॅम्डा १ धरून ठेवतो, मीटर १४.७ च्या आजूबाजूला हलत होता, लॅपटॉपवर लॉगरही १४.६, १४.७. दोघंही शहाण्यासारखे. मग मी दादाला म्हटलं आता एसीचा पंखा चारवर कर, फक्त पंखा, एसी नको. त्याने केला. मीटर १४.७ वरच. लॉगर धपकन १४.२.

दादा म्हणाला, "पंख्याने मिक्स्चर रिच होतं?"

पंख्याने मिक्स्चरला काय होणार! पंख्याने अर्थिंग वर उचललं. लॉगरला सप्लाय दादाने स्वतः सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून दिलेला, प्लग लावला झालं. वाइडबँड मी बसवलेला, त्याची अर्थ वायर डॅशच्या मागे वेगळ्या बोल्टवर. लायटरचं अर्थ आणि ब्लोअरचं अर्थ मात्र एकाच जागी, आणि त्या जागेवर रत्नागिरीची बारा वर्षं हिरवी होऊन बसलेली. ब्लोअर चारवर टाकला की पंधरा-वीस अँपिअर त्या हिरव्या बोल्टमधून परत जातात, तेवढ्या करंटला दहा मिलिओहमचा गंज पुरतो, आणि लॉगर ज्याला शून्य समजतो ते शून्य खऱ्या शून्यापेक्षा ०.२ व्होल्ट वर जातं. लॉगर बिचारा त्या उंच शून्यापासून मोजतो, त्याला सिग्नल तेवढाच कमी दिसतो, आणि कमी व्होल्ट म्हणजे रिच. मल्टिमीटरचं एक टोक मीटरच्या अर्थला, दुसरं लॉगरच्या अर्थला लावलं. पंखा बंद, ०.०२. पंखा चार, ०.२१. बरोब्बर हरवलेला आकडा.

घाटात वहिनी बरोबर असली की पंखा फुल. फुल थ्रॉटलला ईसीयू एसीचा कॉम्प्रेसर कापतो, पण पंखा फिरतच राहतो. त्यामुळे कुटुंबासोबतचे सगळे लॉग छान रिच आणि दादा एकटा काच खाली करून गेला की लॉग लीन. त्याच्या जुन्या फाइली उघडल्या तर हे इतकं स्वच्छ दिसत होतं की हसू आलं, रविवारच्या फाइली १२.४, ऑफिसच्या दिवशी पहाटेच्या १२.९. त्याने याचा अर्थ काढलेला की थंड हवेत ऑक्सिजन जास्त म्हणून लीन होते. तर्क काही अगदीच वेडा नाही म्हणा.

ग्राफची एक गंमत असते. डॅशवरचा आकडा हलतो, चकाकतो, डोळ्यासमोरून जातो, त्यावर कोणी पैज लावत नाही. ग्राफ मात्र शांत असतो, झूम करता येतो, रंगीत असतो, त्यामुळे तो खरा वाटतो. इथे खरा मीटर होता. उलटंही होऊ शकलं असतं, मीटरचं अर्थ घाण असतं तर लॉगर उलट लीन दाखवत बसला असता. लॉगरचं सॅम्पलिंग सेकंदाला ५० वेळा होतं आणि अचूकता कंपनीने तीन दशांशांपर्यंत लिहिलेली, पण लायटरच्या सॉकेटला हे कोण सांगणार.

उपाय अर्ध्या तासाचा. लॉगरचा सप्लाय लायटरवरून काढला, वाइडबँडच्याच फ्यूजवरून दिला, दोघांचं अर्थ एकाच बोल्टवर, बोल्टखालचा रंग आणि गंज पॉलिशपेपरने घासून, आणि मीटरच्या अ‍ॅनालॉग आउटपुटची जी स्वतंत्र निगेटिव्ह वायर असते (ती बहुतेक जण कापून टाकतात किंवा टेप गुंडाळून ठेवतात, आम्हीही टेपच गुंडाळलेली) ती लॉगरच्या सेन्सर ग्राउंडला जोडली. ज्यांच्या लॉगरला कॅन (गाडीतल्या यंत्रांनी एकमेकांशी अंकांत बोलायची वायर) इनपुट आहे त्यांनी मीटरचं कॅन आउटपुटच वापरावं, तिथे आकडा अंक म्हणून जातो, वाटेत व्होल्ट हरवायचा प्रश्नच येत नाही. आमच्या लॉगरला नव्हतं.

आता दोघंही १२.९ म्हणायला लागले. दादाचं तोंड पडलं. "म्हणजे खरंच लीन आहे."

हो, खरंच लीन होती. इथून खरं काम सुरू झालं, आणि इथेच माझीही चूक सापडायची होती.

ईसीयूला काय वाटतंय ते बघायचं होतं. या गाडीत बॉशचा मोट्रोनिक एमई७ जातीचा ईसीयू आहे, आणि डायग्नोस्टिक अजून जुन्या, संथ के-लाइनवर चालतं, कॅनवर नाही. व्हीसीडीएस केबल (ईसीयू लॅपटॉपवर वाचायची) लावून तीन ब्लॉक (आकड्यांचे गट) एकदम मागितले तर सेकंदाला दोन-तीन वेळाच उत्तर येतं. सहा हजार आरपीएमला चार सिलिंडर मिळून सेकंदाला २०० स्फोट होतात, त्यातले आपण दोन-तीन बघणार. ब्लूटूथचे स्वस्त ओबीडी डोंगल लावून मोबाइलवर डायल बघणारे जे असतात त्यांचंही हेच, दहा गोष्टी एकदम मागितल्या की प्रत्येक आकडा एकेक सेकंद शिळा. तापमान बघायला चालतं, बूस्ट आणि मिक्स्चरला नाही. पण ईसीयूच्या पोटातल्या काही गोष्टी दुसरीकडे मिळतच नाहीत, उदाहरणार्थ टायमिंग (प्लगच्या ठिणगीची वेळ) किती मागे ओढलं. म्हणून दोन्ही लॉग एकदम घ्यायचे, एक केबलवर, एक लॉगरवर, आणि घड्याळं वेगळी असतात म्हणून सुरुवातीला थांबलेल्या गाडीत तीनदा पटपट ॲक्सिलरेटर मारायचा, मग दोन्ही ग्राफमधली ती तीन टोकं एकाखाली एक आणून जुळवायची. सिनेमावाले टाळी वाजवतात तसं.

रस्त्यावर नाही केलं. थर्ड गिअरमध्ये सहा हजार म्हणजे सव्वाशेच्या पुढे, ते आपल्या रस्त्यांवर करायचं वय गेलं. भोसरीत एकाकडे चेसिस डायनो (गाडी रोलरवर जागच्या जागी पळवून ताकद मोजणारं यंत्र) आहे, एक तास घेतला.

जायच्या आधी सकाळी थंड गाडीत चावी ऑन करून, इंजिन सुरू न करता एक मिनिट लॉग घेतला. हे मी कारखान्यातून शिकलो आणि गाडीवाल्यांपैकी कोणीच करत नाही. इंजिन बंद असताना प्रत्येक सेन्सरने काय म्हणायला हवं ते आपल्याला आधीच माहीत असतं. ऑइल प्रेशर शून्य. कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान सारखं, आणि दोन्ही बाहेरच्या थर्मामीटरइतकं. मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या पाइपात) बाहेरचीच हवा, म्हणजे पुण्याच्या साडेपाचशे मीटर उंचीवर ९५० मिलिबारच्या आसपास. ईसीयू म्हणाला ९४८. उत्तम. बूस्ट मीटर ०.०. तोही उत्तम, निदान तेव्हा तसंच वाटलं.

दादाला या ९४८ वरून एक जुनी गोष्ट कळली. त्याच्या जुन्या लॉगमध्ये ईसीयू बूस्टला १७५० दाखवायचा आणि तो म्हणायचा मीटर ०.४ दाखवतो आणि ईसीयू १.७५, दोघांपैकी कोणावरच विश्वास नाही. ईसीयू अ‍ॅब्सोल्यूट सांगतो, म्हणजे बाहेरच्या हवेच्या प्रेशरसकट, त्यातून ते वजा करायचं. १७५० वजा ९४८, म्हणजे ८०२, म्हणजे ०.८ बार. जे मागितलंय तेच. टर्बो, डायव्हर्टर, सगळं ठणठणीत होतं पहिल्यापासून. नवीन डीव्हीचे पैसे गेले ते गेले.

मग बूस्ट मीटर ०.४ का? मी म्हटलं मीटर स्वस्तातला आहे, असेल बिघडलेला, जाऊ दे. खरं सांगतो, असंच म्हटलं. तिथे दोन मिनिटं थांबलो असतो तर पुढचे तीन तास वाचले असते.

डायनोवर पहिला पुल, म्हणजे फुल थ्रॉटलने आरपीएम वरपर्यंत ओढणं. साडेचार हजारापर्यंत १२.३, मग चढत १२.९. टायमिंग सिलिंडरगणिक साडेचार ते सहा अंश मागे, तोच तो मागून धरलेला सदरा. ईसीयूला नॉक ऐकू येतोय आणि तो इंजिन वाचवतोय. शंभर ऑक्टेनने नॉक कमी झालेला, म्हणून गाडी सुधारल्यासारखी वाटली, मिक्स्चर तसंच होतं.

फुल बूस्टला लीन म्हटलं की पहिला संशय पेट्रोलच्या पुरवठ्यावर. पंप वीस वर्षांचा, फिल्टर किती जुना देव जाणे. म्हणून मी फ्युएल रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) प्रेशर सेन्सर लावून आणलेला, लॉगरच्या चौथ्या चॅनेलवर. या इंजिनचा रेग्युलेटर ३ बारचा, तसं त्याच्यावर कोरलेलंच होतं. पण रेग्युलेटर नुसतं ३ बार धरत नाही. इंजेक्टरचं एक तोंड रेलमध्ये आणि दुसरं मॅनिफोल्डमध्ये, तिथे बूस्ट आला की तो इंजेक्टरच्या तोंडावर उलटा दाबतो. म्हणून रेग्युलेटरला मॅनिफोल्डवरून एक बारीक नळी येते, मॅनिफोल्डमध्ये जेवढा बूस्ट तेवढंच रेलचं प्रेशर वाढतं, आणि इंजेक्टरच्या दोन टोकांत नेहमी ३ बारच राहतात. ०.८ बूस्टला रेलमध्ये ३.८ पाहिजे. आयडलला व्हॅक्यूम असतो म्हणून उलट, २.४ च्या आसपास.

आयडलला २.४ मिळाले. फुल बूस्टला ३.४.

"पंप गेला," डायनोवाला म्हणाला. मलाही तेच वाटलं. दादाने मोबाइल काढून पंपाची किंमत बघायला सुरुवातही केली. मग मी ग्राफ मोठा केला, आणि पंप गेल्याची रेघ अशी दिसत नाही. पंप कमी पडतो तेव्हा प्रेशर आधी बरोबर वर जातं आणि आरपीएम वाढेल तसं, पेट्रोल जास्त लागेल तसं, हळूहळू गळत जातं. इथे रेघ बूस्टबरोबर चढायला लागते, साधारण ३.४ ला पोचते आणि तिथे सपाट, सहा हजारापर्यंत, अगदी टेबलासारखी. पंप दमलेला नव्हता. रेग्युलेटरला कोणीतरी सांगत होतं की बूस्ट ०.४ च आहे.

०.४.

हा आकडा मी सकाळपासून तीनदा बघितलेला. बूस्ट मीटरवर.

दादा माझ्याकडे बघत होता आणि मी बॉनेटकडे. कारण तो बूस्ट मीटर मीच बसवला होता, दोन वर्षांपूर्वी, त्यांच्याच पार्किंगमध्ये, आणि त्याला मॅनिफोल्डचा सिग्नल द्यायला सगळ्यात हाताशी येणारी नळी मी कापली होती, ती रेग्युलेटरचीच. मध्ये प्लॅस्टिकचा टी, दोन्हीकडे सिलिकॉनची नळी सरकवलेली. क्लिप नाही. "आत्ता चालवून घे, पुढच्या रविवारी क्लिप लावतो" हे माझं वाक्य, आणि तो पुढचा रविवार दोन वर्षांत आला नाही.

बॉनेट उघडून टी हातात घेतला तर सिलिकॉन उष्णतेने सैल पडलेलं, बोटाने फिरत होतं. आयडलला व्हॅक्यूम असतो तेव्हा नळी स्वतःच टीला घट्ट चिकटते, म्हणून आयडल नीट, ट्रिम नीट, कुठे सूं सूं आवाज नाही. बूस्ट आला की नळी फुगते आणि सांध्यातून हवा निसटते. मॅनिफोल्डकडून येणारी मूळ नळी बारीक भोकाची, तिच्यातून येणारी हवा निसटणाऱ्या हवेला पुरी पडत नाही, त्यामुळे टीपाशी ०.८ चे ०.४ उरायचे. मीटर तेच ०.४ दाखवायचा, रेग्युलेटर तेच ०.४ ऐकायचा. मीटर खोटं बोलतच नव्हता, तो जिथे जोडलाय तिथलं खरं सांगत होता, आणि तिथला आकडा ०.४ मीच करून ठेवला होता. डायनोवाल्याने साबणाचं पाणी मारून हलकी हवा सोडली, टीवर बुडबुडे.

आता हिशोब जुळतो का ते बघितल्याशिवाय मला चैन नव्हतं. रेलमध्ये ३.४, मॅनिफोल्डमध्ये ०.८, इंजेक्टरला मिळाले २.६. पाहिजे होते ३. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल प्रेशरच्या वर्गमूळाने बदलतं. २.६ भागिले ३, त्याचं वर्गमूळ ०.९३, म्हणजे सात टक्के पेट्रोल कमी. टार्गेट १२.०५, त्याला ०.९३ ने भागा, १२.९५. व्हिडिओत १२.९. डायनोवाल्याच्या पावतीच्या मागे केलेली ही आकडेमोड दादाने फोटो काढून ठेवलीय, मला चिडवायला कामाला येते.

जोपर्यंत लॉगर पंख्यामुळे १२.४ दाखवत होता तोपर्यंत हा हिशोब कधीच जुळला नसता, हेही त्याच पावतीवर दिसतं. १२.४ म्हणजे तीन टक्के. तीन टक्क्यांना लोक प्लग, सेन्सर, पेट्रोल, हवामान असलं काहीही कारण देतात आणि ते पटतंही.

दुरुस्तीला काय लागलं? रेग्युलेटरची नळी नवीन, अखंड, मध्ये कोणी नाही. बूस्ट मीटरला मॅनिफोल्डच्या वेगळ्या निपलवरून स्वतःची नळी, दोन्ही टोकांना क्लिप. तीनशे रुपयांच्या आत. दुसरा पुल, रेल ३.८, बूस्ट मीटर ०.८, मीटर आणि लॉगर दोघंही १२.१, टायमिंग जास्तीत जास्त सव्वादोन अंश मागे, तेही साध्या पेट्रोलवर. डायनोच्या कागदावर हॉर्सपॉवर किती वाढले ते दादा सगळ्यांना सांगत फिरतो, मी सांगत नाही, कारण पहिला पुल थंड इंजिनवर आणि दुसरा तापलेल्या, ते दोन आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

नंतर दोन गोष्टी बदलल्या. मीटरचा अलार्म आधी नुसता १३ वर होता, म्हणजे क्रूझला १४.७ असताना सतत बोंबलायचा म्हणून दादाने बंदच करून टाकलेला. आता लॉगरमध्ये अट घातलीय, बूस्ट ०.३ च्या वर असेल आणि मिक्स्चर १२.६ च्या पुढे अर्धा सेकंद राहिलं तरच लाल दिवा. नुसत्या आकड्यावर अलार्म ठेवला की तो सोसायटीतल्या गाडीच्या सायरनसारखा होतो, कोणी खिडकीतून बघतही नाही. दुसरं, रेल प्रेशरचा सेन्सर काढलाच नाही, कायमचा ठेवला, आणि लॉगरमध्ये एक हिशोबी चॅनेल केला, रेलचं प्रेशर वजा बूस्ट. ती रेघ ३ वर सरळ असली की बाकी काही बघायची गरज नाही. फक्त त्या वजाबाकीतला बूस्ट मीटरच्या नळीवरून घेतला नाही, मॅनिफोल्डवर लॉगरचा स्वतःचा सेन्सर बसवला. एकाच नळीतून दोघांना विचारलं तर दोघं एकच उत्तर देणार, ते आधीच देऊन झालं होतं.

वाइडबँडबद्दल एक राहिलं. सेन्सर बॉशचा एलएसयू ४.९, डाउनपाइपमध्ये टर्बोपासून हातभर पुढे, आणि आडव्या रेषेपेक्षा थोडा वर झुकलेला पाहिजे, नाहीतर सकाळच्या थंड पाइपातलं पाणी सेन्सरमध्ये जातं आणि हीटर तापला की आतलं सिरॅमिक तडकतं. आणि मीटर बंद करून सेन्सर पाइपात ठेवून गाडी चालवू नका, थंड सेन्सरवर काजळी बसते. दादाने अलार्मला कंटाळून आठवडाभर वाइडबँडचा फ्यूजच काढून ठेवलेला होता, हे मला हे सगळं लिहायला घेतल्यावर कळलं. सेन्सर वाचला, नशीब त्याचं. या रविवारी मोकळ्या हवेत धरून तपासायचा आहे, आणि हो, वहिनीच्या गाडीतल्या डॅशकॅमची वायर लायटरमधून काढून द्यायचं पण कबूल केलंय, क्लिप यावेळी आधीच खिशात ठेवल्यात.